फोटोपुरतं लग्न

“हे लग्न वाटत नाही हो,” मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या लॅपटॉपवर आमच्या लग्नाचे फोटो एकेक करून पुढं सरकत होते आणि मी व माझा नवरा टेबलाच्या अलीकडं, शाळेत बोलावून घेतलेल्या पालकांसारखे गप्प बसलो होतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं त्यांचं ऑफिस. भिंतीवर पासपोर्ट छातीशी धरून हसणाऱ्या माणसांचे फोटो, कोपऱ्यात देशोदेशीचे छोटे झेंडे, आणि एसी इतका की कॅनडाची सवय इथंच लागावी. परदेशात शिकायला, नोकरीला किंवा जोडीदाराकडं जायचं असेल तर कागदपत्रं नीट लावून देणं हा मॅडमचा व्यवसाय. वयानं माझ्याहून लहानच असतील, पण त्यांच्यासमोर बसलं की पाठ आपोआप ताठ व्हायची.

आम्ही आधीच एकदा तोंडावर आपटलो होतो. माझा नवरा कॅनडात शिकायला गेला, तिथंच त्याला नोकरी लागली, आणि एका सुट्टीत येऊन त्यानं माझ्याशी लग्न केलं. सुट्टी संपली, तो परत गेला. मी मागून जायचं, तिथं कामाचं परमिट घ्यायचं आणि दोघांनी संसार थाटायचा असं ठरलेलं. त्यासाठीचा अर्ज आम्ही घरीच, व्हिडिओ बघून बघून भरला. एवढं शिकलोय, एक अर्ज भरता येत नाही का, असा माझाच तोरा. काही महिन्यांनी नकार आला. त्यात अगदी सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं की हा विवाह खरा आहे याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटलेली नाही.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी मोजते आणि मापात न बसलेल्या भागाला लाल टॅग लावून बाजूला ठेवते. टॅग लावताना मला कधी वाईट वाटलेलं नाही. पण नकार वाचल्यावर कामावर गेले तेव्हा टॅगांचा गठ्ठा हातात धरून नुसती बसून राहिले. आपल्या लग्नालाच कुणीतरी, आपलं तोंडसुद्धा न बघता, तो लावून टाकलाय असं वाटत होतं. रडू नंतर आलं, आणि राग त्याच्याही नंतर. मला राग उशिरा येतो, पण आला की लवकर जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

नवरा आता पुन्हा थोड्या दिवसांची रजा काढून आला होता, तो यासाठीच. दुसराही नकार आला तर पुढचं सगळं फार अवघड होऊन बसेल, हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्यामुळं या वेळी कसलीच कसर ठेवायची नव्हती.

“काय वाटत नाही त्यात?” मी विचारलं.

“रागावू नका. मी ऑफिसरच्या डोळ्यांनी बघतेय.” त्यांनी लॅपटॉप आमच्याकडं वळवला.

आमचं लग्न आमच्या कॉलनीतल्या विहारात झालं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी तसबीर. ती कुणाची हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मेणबत्त्या, उदबत्त्या, फुलं. मी पांढऱ्या साडीत, तो पांढऱ्या झब्ब्यात. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आम्ही दोघांनी एकमेकांना द्यायची वचनं मोठ्यानं म्हटली, हार घातले, लोकांनी फुलं टाकली. झालं लग्न. मग जेवण. हळद नाही, मेंदी नाही, घोडा नाही, डीजे नाही. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तशी इच्छा होती आणि मलाही तेच हवं होतं. फोटो कॉलनीतल्याच एकानं हौसेनं काढले होते.

“सप्तपदी कुठंय?” मॅडम बोटानं फोटो पुढं ढकलत म्हणाल्या. “हळद? मंगळसूत्र घालतानाचा फोटो? कपाळाला कुंकू नाही. आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. सॉरी, पण या फोटोत तर मला क्षणभर वाटलं की…”

“श्रद्धांजली,” मी त्यांचं वाक्य पुरं केलं. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

“आणि एकाही फोटोत यांनी तुम्हाला हात लावलेला नाही. दोघांच्या मधे एक माणूस आरामात उभा राहील.”

हे मात्र खरं होतं. अख्खी कॉलनी समोर बसलेली, पुढच्याच खुर्चीत आप्पा, आणि हा माझ्या खांद्यावर हात टाकणार? त्याची काय बिशाद. आमच्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघं राष्ट्रगीताला उभं राहावं तसे उभे आहोत.

मग आमच्या मोबाईलवरच्या गप्पांची पाळी आली. नवराबायको वेगळे राहत असले की त्यांचं एकमेकांशी बोलणं आहे हेही दाखवावं लागतं. मॅडम वाचत गेल्या. जेवलास का. हो, तू? डब्यात काय होतं. थंडी आहे का. टोपी घाल. घातली. पोचलीस का घरी. पोचले. जेवलीस का.

“यात प्रेम कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“सगळं तेच आहे,” मी म्हणाले. त्या हसल्या, माणूस म्हणून त्यांना ते कळलंही असावं, पण टोपीतलं प्रेम ऑफिसरला कळेल याची त्यांना खात्री नव्हती.

उपाय त्यांच्याकडं तयार होता. ओळखीतला एक फोटोग्राफर होता. इथल्या लॉन्सवर लग्न झालं की मांडव, स्टेज, फुलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच उभी असतात. तेवढ्या वेळात तो तिथं हवं ते उरकून देतो. होम, सप्तपदी, कन्यादान, मंगळसूत्र, पाया पडणं. गुरुजी खरेच आणायचे, नाहीतर हात कुठं धरायचे इथपासून चुका होतात आणि फोटोत कळतं. “खोटं काहीच नाही त्यात,” मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “तुमचं लग्न झालेलंच आहे. नंतर या तारखेला असाही विधी केला, असं आपण सरळ लिहू. समोरच्याला लग्न म्हणून जे ओळखू येतं ते त्याला दाखवायचं, एवढंच. फक्त घरचे हवेत. कन्यादानाच्या फोटोत मुलीचे वडील नसतील तर परत प्रश्न येणार.”

मला त्याच क्षणी उठून जावंसं वाटत होतं. पण त्या वाईट बोलत नव्हत्या. त्यांना आमचं काम व्हायला हवं होतं. हेच त्यातलं अवघड होतं.

बाहेर येऊन आम्ही चहाच्या गाड्यापाशी उभे राहिलो. नवरा म्हणाला, “तासाभराचं काम आहे.”

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. पण त्याच्याकडं बघितलं आणि थांबले. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून तो रस्त्याकडं बघत होता. त्याला लहानपणापासून मामा-मामींनी वाढवलं. आईवडील तसे त्याला आठवतच नाहीत. तिकडं तो एका घराच्या तळघरातल्या खोलीत राहायचा, दोन दिवसांची खिचडी एकदम करून ठेवायचा. “मला तिथं रविवार नको वाटतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. करू. पण आप्पांना तू सांग.

“वडील तुझे आहेत,” तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

आप्पा निवृत्त शिक्षक. दर रविवारी सकाळी विहारात वंदना होते, तेव्हा ते सगळ्यांत पुढं बसतात. आधी ते म्हणतात, मग त्यांच्यामागून बाकीचे. ती जागा त्यांना कुणी दिलेली नाही आणि त्यांनी मागितलेलीही नाही, पण ते गावाला गेले असतील तरी तिथं दुसरं कुणी बसत नाही. तरुणपणी त्यांनी प्रतिज्ञा घेतली होती की हे जुने विधी आपण पुन्हा करणार नाही. पुष्कळ जण घेतात आणि मग घरात लग्न निघालं की बायकांचा आग्रह म्हणून सगळं गुपचूप उरकून घेतात. आप्पांना मात्र प्रतिज्ञा घेतली की ती पाळायची असते असंच वाटत आलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या सख्ख्या चुलत्यानं हळदीची तयारी करून ठेवली होती. आप्पा म्हणाले, नको. चुलता भर मांडवातून न जेवता उठून गेला आणि पुढं कित्येक वर्षं त्यानं आमच्या घराची पायरी चढली नाही. हाच चुलता आप्पांना खांद्यावर बसवून जत्रेत नेणारा. आप्पा ही गोष्ट कधी अभिमानानं सांगत नाहीत. आई सांगते, ते ऐकत बसतात.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आईला लसूण सोलून देत होते. मी दारात उभी राहूनच सगळं सांगून टाकलं. लॉन्स, होम, गुरुजी, कन्यादान. मधे कुठं थांबले तर पुढं बोलता येणार नाही, म्हणून एका दमात. आईनं गॅस बारीक केला. मी आप्पांच्या ओरडण्याची वाट बघत होते. खरं तर त्यांनी ओरडावं, नाही म्हणावं आणि मला या सगळ्यातून सोडवावं, अशीच माझी इच्छा होती.

“यानं काम होईल?” त्यांनी विचारलं.

“मॅडम म्हणतात होईल.”

“कधी करायचंय?”

आणि ते पुढची पाकळी सोलायला लागले. मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. आई एवढंच म्हणाली, की यांच्याकडं पांढऱ्याशिवाय झब्बा नाही, एखादा रंगीत बघावा लागेल. मग कपाटातून कुणाच्या तरी आहेरात आलेला मोतिया रंगाचा झब्बा निघाला. आप्पांनी तो अंगाला लावून बघितला आणि घडी घालून खुर्चीवर ठेवला.

ठरलेल्या सकाळी आम्ही लॉन्सवर गेलो. आदल्या दिवशी तिथं मोठं लग्न झालेलं दिसत होतं. खुर्च्यांचे ढीग, गवतावर तुडवलेला झेंडू, कुठूनतरी मठ्ठ्याचा आंबूस वास. स्टेजवर मागच्या पडद्यावर फुलांच्या अक्षरांत नवरा-नवरीची नावं लिहिलेली होती आणि ती अर्थातच आमची नव्हती. फोटोग्राफर म्हणाला, नावं राहू द्या, मी नंतर पुसतो. माझ्या अंगावर कारखान्यातल्या मैत्रिणीचा लाल शालू, फोटोत घालायला पिशवीत तिचंच मंगळसूत्र. फोटोग्राफरबरोबर आलेल्या बाईनं मला मुंडावळ्या बांधल्या, हातांना पटकन निघून जाणारी मेंदी लावली आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. मोबाईलमध्ये बघितलं तर मी खरंच नवरी दिसत होते. माझ्या लग्नात दिसले नव्हते इतकी. ते बघून मला आणखीच चीड आली.

मामा-मामी मनमाडहून निघाले होते, पण शहरातल्या द्वारका चौकात वाहतूक तुंबली होती आणि त्यात ते अडकले होते. फोटोग्राफरला घाई. दुपारी मांडववाले येऊन सगळं सोडणार होते. त्यानं सांगितलं, ते येईपर्यंत कन्यादान उरकून घेऊ, मुलीकडचे तर आहेत.

गुरुजी पंचवटीतून आले होते. वयस्कर, सडपातळ, फार कमी बोलणारे. त्यांना फोटोपुरतं आहे असं सांगितलेलं होतं, तरी सगळं साहित्य त्यांनी बरोबर आणलं होतं आणि ते मन लावून मांडत होते. फोटोग्राफर म्हणाला, एवढं कशाला गुरुजी, वरचेवर करा. त्यावर ते म्हणाले, “मला वरचेवर येत नाही.” मला तो माणूस आवडला. माझ्यासारखाच, कामात खोट न चालणारा.

आप्पा पाटावर बसले. मोतिया झब्बा, डोक्याला फोटोग्राफरनं दिलेला भाड्याचा फेटा. फेटा मोठा होत होता आणि सारखा कपाळावर सरकत होता. तो एका हातानं वर करत ते सांगतील तसं करत होते. इकडं बघा म्हटलं की इकडं, तिकडं म्हटलं की तिकडं. उभ्या आयुष्यात मी त्यांना इतकं आज्ञाधारक कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी त्यांच्या उजव्या तळहातावर पळीनं पाणी घातलं आणि सवयीनं विचारलं, “गोत्र?”

आप्पा तळहातावरच्या पाण्याकडं बघत राहिले. गुरुजींना वाटलं, ऐकू गेलं नसावं.

“आपलं गोत्र सांगा.”

“नाही,” आप्पा म्हणाले.

“माहीत नसेल तर हरकत नाही. ज्यांना माहीत नसतं त्यांनी कश्यप म्हणायचं.”

“माहीत नाही असं नाही, गुरुजी,” आप्पा शांतपणे म्हणाले. “आमच्याकडं ते नसतंच.”

गुरुजींनी वर बघितलं. आप्पांकडं, आईकडं, मग माझ्याकडं. त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता नव्हती, उलट आपण उगाच विचारलं असा ओशाळेपणा होता. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला, “काका, काहीपण म्हणा हो, फोटोत आवाज थोडाच येणार आहे.”

आप्पांचा हात तसाच पुढं धरलेला होता. पाणी सांडू नये म्हणून तळवा वाटीसारखा केलेला. मग ते खाली बघत म्हणाले, “म्हणा मग कश्यप.”

मी उठले. शालू पायात अडकला, पडता पडता वाचले, त्यामुळं जे म्हणायचं होतं ते रुबाबात म्हणता आलं नाही. “आप्पा, ते पाणी टाकून द्या,” एवढंच म्हणाले. ते ऐकेनात. म्हणाले, बस, झालंच आहे, दोन मिनिटांचं राहिलंय. मी त्यांचा हात धरून गवतावर उलटा केला. त्यांच्या डोक्यावरचा फेटा काढला. फोटोग्राफरनं काहीतरी विचारलं, मी त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. गुरुजी म्हणाले, “अग्नी पेटवला नव्हता, बरं झालं,” आणि पळी-पंचपात्र पुसून पिशवीत ठेवायला लागले.

मला नवऱ्याकडं बघायची भीती वाटत होती. त्याच्या रजेचे थोडेच दिवस उरले होते आणि मी त्याचे सगळे पुढचे रविवार एका झटक्यात घालवून बसले होते. तो मागं उभा होता. त्यानं आपल्या मुंडावळ्या सोडल्या, गुंडाळून नीट त्या बाईच्या हातात दिल्या आणि म्हणाला, “चला, भूक लागलीय.”

कपडे बदलून, तोंड धुऊन आम्ही जवळच मिसळ खायला बसलो तेव्हा मामा-मामी येऊन पोचले. मामी पैठणी, नथ, गजरा अशा थाटात. त्यांनी आमच्या साध्या तोंडांकडं बघितलं.

“झालं का लगीन?”

“नाही मामी. रद्द केलं.”

“मंग मी सकाळपासून नटून आली त्याचं काय?” मामी खुर्ची ओढत म्हणाल्या. “माझा तरी फोटो काढा एखादा. लय गरम व्हतंय याच्यात.”

आई खो खो हसली, आप्पाही हसले. नवऱ्यानं मामींचा फोटो काढला. त्यानं मला त्या दिवशी किंवा नंतर एका शब्दानं बोल लावला नाही. पण त्याच्यापुढची मिसळ तशीच राहिली होती, आणि ती मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडं गेलो. त्या वैतागल्या होत्या, आणि ते साहजिक होतं. फोटोग्राफरनं त्यांना रंगवून सांगितलेलं असणार. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. गोत्राचंही सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मला हे माहीतच नव्हतं. मी नाशिकचीच आहे, पण असं लग्न मी कधी बघितलेलंच नाही.” आणि त्यांनी विचारलं, “तुमच्यात सगळ्यांची लग्नं अशीच होतात?”

“अशीच. थोडंफार कमीजास्त.”

“मग मला नाही माहीत तर ऑफिसरला कुठून माहीत असणार? त्याला एकच लग्न दाखवलं तर ते खोटं वाटेल. सगळी दाखवा.”

इतके दिवस त्यांच्यावर मनातल्या मनात राग धरून होते, पण त्यांचा धंदा म्हणजे नुसतं कागद चिकटवणं नाही हे मला तेव्हा कळलं. मी घरी आले आणि बाहेरच्या खोलीत उभी राहिले. टीव्हीच्या वर आप्पा आणि आईचा लग्नातला फोटो आहे. काळापांढरा, कडेला जरा पिवळा पडलेला. जन्मल्यापासून बघत आलेय म्हणजे बघितलाच नव्हता. तेच टेबल, तेच पांढरं कापड, तीच मूर्ती. आई पांढऱ्या साडीत, आप्पा पांढऱ्या सदऱ्यात, दोघांच्या मधे एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा. कुणी हसत नाही. कुणी कुणाला हात लावलेला नाही.

मग आईनं कॉलनीत निरोप दिला. दुपारभर बायका अल्बम घेऊन येत राहिल्या. कुणी भिंतीवरची चौकटच काढून आणली, मागं पालीच्या अंड्यांसकट. कुणाचं लग्न नांदूरला झालेलं, कुणाचं येवल्याला, कुणाचं आमच्याच विहारात. प्रत्येक फोटोत तीच ताठ माणसं. आप्पा प्रत्येक फोटो पुसून टेबलावर ठेवत होते. एका फोटोपाशी ते जरा थांबले. कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत कडेला एक म्हातारा उभा होता. “चुलते,” आप्पा म्हणाले. “यांच्याकडं गेले होते वाटतं.” आणि तो फोटोही त्यांनी बाकीच्यांत ठेवला.

मॅडमनी सगळे फोटो ओळीनं लावले, शेवटी आमचा. बघत राहिल्या. “सगळे असे रागावलेले का दिसतात?”

“रागावलेले नाहीत,” मी म्हणाले. “वचन देताना माणूस हसत नाही ना.”

त्यांनी ते लिहून घेतलं. भंतेजींचा दाखला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, महापालिकेतली लग्नाची नोंद, सगळं त्यांनी मागवून घेतलं आणि बरोबर एक सविस्तर पत्र लिहिलं. आमच्यातलं लग्न कसं असतं, त्यात काय असतं आणि काय मुद्दामच नसतं, आणि का नसतं. जेवलास का, टोपी घाल, हेही त्यांनी काढून टाकलं नाही. त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून लिहिला. मला वाचून दाखवला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

नवरा परत गेला. नंतरचे महिने वाईट गेले. दुसरा नकार आला तर तो माझ्यामुळं येणार होता, हे मी कुणाला बोलले नाही, पण रोज अंबडला जाताना बसमध्ये तेच डोक्यात. कश्यप हा एकच तर शब्द, तो आप्पांना म्हणू दिला असता तर काय बिघडलं असतं, असंही काही दिवस वाटलं. मग मंजुरी आली. मॅडमचाच फोन आला. त्या फोनवर रडल्या, मी नाही. मी फोन ठेवून रडले.

परवा रविवारी वंदना झाल्यावर मी आणि आप्पा विहारातल्या सतरंज्या आवरत होतो. बाकीचे निघून गेले होते. पुढच्या रविवारी मी इथं नसणार, हे दोघांनाही माहीत होतं. सतरंजीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी विचारलं, “आप्पा, तुम्ही त्या दिवशी हो का म्हणालात?”

ते टोक जुळवत राहिले.

“काम होणार होतं ना तुझं.”

“आणि मी थांबवलं नसतं तर?”

“तर झालं असतं सगळं. तू गेली असतीस.”

“आणि तुम्ही?”

“मी इथं मागं बसलो असतो,” आप्पा म्हणाले. त्यांनी मागच्या भिंतीकडं बोट केलं, दाराजवळ, जिथं चपला काढतात तिथं. “पुढं बसून लोकांना वदवून घेता आलं नसतं मग.”

हे त्यांनी लसूण सोलता सोलताच ठरवलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या हातातलं सतरंजीचं टोक सुटलं. त्यांनी ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं.

“त्यात काय,” ते म्हणाले, “मागूनही ऐकू येतं सगळं.”